यंदा काही खरं न्हाई: कोल्हापूरच्या तालमींना एका प्रेक्षकाचं खुलं पत्र

प्रति,
कोल्हापुरातल्या सर्व तालीम मंडळांचे आणि फुटबॉल क्लबांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा चिवडा अजून डब्यात आहे आणि इकडं कट्ट्यावर तालमींच्या फुटबॉल संघांतल्या खेळाडूंची नावं सुरू झालीत. कोण कुठं गेला, कुणाला कुणी फोडला, बचावाला बाहेरचा स्टॉपर येणार की नुसती हवा. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, खेळाडू नोंदणी जवळ आली की आमच्या पेठेत माणसं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायची सोडतात आणि सेंटर हाफच्या गुडघ्याची करतात. परवा एका मयतीला गेलो होतो. पंचगंगेच्या घाटावरून परत येताना, ज्यांचे वडील गेले ते गृहस्थच मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोलकिपर ऱ्हातोय न्हवं आपल्याकडं?" मी म्हटलं, ऱ्हातोय. त्यांना तेवढंच बरं वाटलं.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. कुठल्या मंडळाचा पदाधिकारी नाही, कधी नव्हतो. तिकीट काढून मॅच बघतो. वडिलांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमवर पहिल्यांदा गेलो त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. माझी तालीम कुठली हे इथं लिहीत नाही. एक तर जे लिहिणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, कुणीही वाचावं. दुसरं म्हणजे मला पुन्हा त्याच पायरीवर त्याच माणसांशेजारी बसायचं आहे.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या या तीन-चार आठवड्यांत आमची काय अवस्था होते, ती तुम्हाला ठाऊक असेल असं मी धरून चाललो होतो. पण गेल्या काही वर्षांतली तुमची वागणूक बघता तुम्ही ती विसरलाय, असं वाटायला लागलं. म्हणून हे पत्र.

आमच्याकडं कुणालाही विचारा, "काय, यंदा कसं?" उत्तर एकच येणार, "यंदा काही खरं न्हाई." चहाच्या गाड्यावर हेच, गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारेचा ग्लास तोंडाला लावताना हेच. बाहेरच्याला वाटेल, काय निराश लोक आहेत! निराश कुणीच नसतो. ज्यानं "काही खरं न्हाई" म्हटलं, त्यानंच घरी जाऊन पाडव्याच्या खरेदीतले पाचशे रुपये मॅचच्या तिकिटांसाठी बाजूला ठेवलेले असतात. बाळ देखणं असलं की आई त्याच्या गालावर काजळाची तीट लावते. बाळ कुरूप दिसावं म्हणून ती लावत नाही, दृष्ट लागू नये म्हणून लावते. आमची शंका तशी आहे. पोटात आशा एवढी गुटगुटीत झालेली असते की तिला उघड्यावर न्यायची भीती वाटते, म्हणून तोंडानं तीट लावून टाकतो.

माझ्या बायकोला फुटबॉलमधलं ऑफसाइडसुद्धा कळत नाही. पण मी मॅचवरून आल्यावर दारात गाडी स्टँडला कशी लावली, त्या आवाजावरून तिला निकाल कळतो. जिंकलो तर स्टँड एका दणक्यात पडतं. हरलो तर दोनदा घसरतं. बरोबरी झाली तर मी गाडी लावून थोडा वेळ तिथंच उभा राहतो म्हणे. हे मला तिनंच सांगितलं, लग्नाला वीस वर्षं झाल्यावर. आणि हंगामाआधीच्या दिवसांत? "त्या दिवसांत तुम्ही गाडी फार हळू लावताय," म्हणाली, "झोपलेल्या पोराशेजारी ठेवल्यासारखी."

आता शंकेचं सांगतो. शंकेला माझी ना नाही. खरं तर ती मला हवी असते. नवा स्ट्रायकर धिप्पाड आहे, पण डाव्या पायानं मारतो का? मागच्या हंगामात उजवीकडून खेळणारा आपला पोरगा सत्तर मिनिटांनंतर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, त्यानं पावसाळ्यात काही केलं का, की नुसता गणपतीपुढं नाचला? कॉर्नरला पुढच्या खांबावर माणूस कोण ठेवणार? उपांत्य सामन्यात आपण टायब्रेकरला गेलो आणि पहिली किक कुणी मारायची यावर मैदानातच वादावादी झाली. ती यादी यंदा आधी ठरणार का? या शंका घेऊन मी दिवसभर लेथवर उभा राहू शकतो. जॉब फिरत असतो, हात आपोआप चालतात, डोक्यात संघाची मांडणी, चार-चार-दोन की चार-तीन-तीन. या शंकांना उत्तर फक्त मैदानात मिळतं, दुपारी चार वाजता, नव्वद मिनिटांत. मिळालेलं उत्तर वाईट असलं तरी ते खरं असतं. त्या रात्री जेवण जात नाही, पण झोप लागते.

तुम्ही मात्र अलीकडं आम्हाला दुसऱ्याच जातीच्या शंका द्यायला लागलाय.

पहिली म्हणजे लीग पुरी होणार का? हा प्रश्न खेळाडूंच्या नशिबाचा नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनानं मैदान बंद झालं, तेव्हा आम्ही एक शब्द बोललो नाही. सगळं जगच बंद होतं. पावसानं मॅच पुढं गेली तरी आमची तक्रार नसते. जुनी माणसं सांगतात, शाहू स्टेडियम म्हणजे पूर्वीचं रावणेश्वराचं तळं आणि गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. एका तळ्यावर सराव करायचा आणि दुसऱ्या तळ्यावर सामना खेळायचा, असं नशीब घेऊन आलेल्या गावानं पाण्यावर काय रागवायचं? पाऊस लांबला की गांधी मैदानात पाणी साचतं, तळ्याला आपली जुनी जागा आठवते, एवढंच. पण प्रेक्षकांत हाणामारी झाली म्हणून सामना थांबला, दुसऱ्या दिवशीचाही गेला, मग बैठक, मग पत्रक, मग "पुढील निर्णय होईपर्यंत"... ही शंका आम्ही हंगामाआधी पोटात घेऊन बसायची का? सेंटर हाफचा गुडघा राहिला बाजूला, लोक विचारतात, "यंदा फायनलपर्यंत पोचू द्यात्यात काय?" प्रतिस्पर्धी पोचू देतील का, असा त्याचा अर्थ नसतो. आपलीच पोरं पोचू देतील का, असा असतो.

देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगची गत आपण नुकतीच बघितली. फुटबॉल महासंघानं २०१० साली केलेला व्यावसायिक हक्कांचा पंधरा वर्षांचा करार संपत आला, पुढं काय हे ठरलं नाही, आणि २०२५ च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम अधांतरी लटकला. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी लीग डिसेंबर सरला तरी सुरू नव्हती. माझा भाचा मुंबईत नोकरीला आहे, अंधेरीच्या मैदानात मुंबई सिटीच्या मॅचला जायचा. २०२० ते २०२४ या काळात त्याच्या क्लबनं दोनदा लीग शिल्ड (साखळीत पहिला नंबर) आणि दोनदा आयएसएल कप (नंतरच्या बाद फेरीचा) जिंकलेला. त्या दिवाळीत तो आला आणि माझ्याशेजारी गप्प बसला. म्हणाला, "मामा, तुमचं बरं आहे. तुम्हाला निदान हरायला तरी मिळतंय." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या लीगला जे जमलं नाही, ते आपण वर्गणीवर आणि देणगीवर कितीतरी वर्षं करत आलोय. दर वर्षी हंगाम असतो. ती आपली श्रीमंती आहे, आणि ती आपण बाटल्या फेकून उडवतोय.

हाणामारीवर दोन शब्द लिहितो, जरा थांबून. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं सांगतो. नाव सांगणार नाही. वय एकोणीस. पहाटे साडेचारला उठून सोळाशे मीटर पळायचा, पोलीस भरतीची तयारी. कोल्हापूर जिल्ह्यात अशी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत. मॅच संपली, वरच्या पायऱ्यांवर ढकलाढकली झाली, कुणीतरी काहीतरी भिरकावलं, हा पळायच्या ऐवजी मित्राला सोडवायला आत शिरला. मोबाइलच्या चित्रणात हाच स्पष्ट दिसला, कारण अंगात जर्सी आणि डोक्याला मंडळाच्या रंगाची पट्टी. गुन्हा नोंद झाला. भरतीला चारित्र्य पडताळणी असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो आता पहाटे पळत नाही. सकाळी नऊला उठतो आणि दारात मोबाइल बघत बसतो. त्याची आई मला भेटली की फुटबॉलबद्दल काही बोलत नाही, फक्त माझ्याकडं बघते. लहानपणी त्याला पहिल्या मॅचला मीच घेऊन गेलो होतो.

त्या दिवशी मंडळाचे जबाबदार लोक कुठं होते? खुर्च्यांवर. पुढच्या रांगेत, पाहुण्यांशेजारी. मी काही तुम्हालाच दोष देऊन मोकळा होत नाही. पायऱ्यांवर आम्हीही होतो, पन्नाशीची, केस पिकलेली माणसं. आम्हीही "पोरं हायत, गरम रक्त" म्हणून हसलो. समोरच्या पेठेच्या आयाबहिणींवरून घोषणा सुरू झाल्या तेव्हा आम्ही मान वळवून मैदानाकडं बघितलं. ती मान वळवल्याचं मला वाईट वाटतं, हरल्यापेक्षा जास्त.

बाहेरच्या माणसाला 'ईर्षा' हा शब्द वाईट वाटतो. कोल्हापुरात तसा नाही. ईर्षेनं खेळला म्हणजे जीव ओतून खेळला. तालमीच्या लाल मातीतून हा शब्द फुटबॉलमध्ये आला असणार. हौद्यात दोघं पैलवान एकमेकांना उचलून आपटायचे आणि कुस्ती सुटली की हारलेला जिंकलेल्याच्या पाठीवर थाप मारायचा. माझे वडील तालमीतले. खासबागेत कुस्त्या बघायचे आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉल, आणि दोन्हीकडं एकाच आवाजात ओरडायचे. समोरच्या संघातल्या कुणी झक्क गोल मारला की ते आधी "वाऽ" म्हणायचे आणि मग कपाळावर हात मारायचे. हा क्रम महत्त्वाचा. आज माझ्याकडून तो "वाऽ" निघत नाही. आसपास कोण ऐकेल, असं वाटतं.

दुसरी शंका चषकाच्या फलकांची. नोंदणी अजून पुरी नाही, सरावाला आठ पोरं येतात, आणि चौकात वीस फुटी डिजिटल फलक लागतो, "यंदाचा चषक आपलाच". वर नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांचे, आणि खेळाडू शोधायला चष्मा लागतो. आमच्या आशेची तीट तुम्ही पुसून टाकता हो! जे आम्ही घरात बायकोपुढंसुद्धा बोलत नाही, ते तुम्ही चौकात विजेच्या खांबाला टांगता. मग तिसऱ्या मॅचला बरोबरी झाली की त्याच फलकाखाली प्रशिक्षकाला शिव्या सुरू, आणि पाचव्या मॅचला प्रशिक्षक नवा. चषकाचं आश्वासन तुमच्याकडं मागितलं कुणी? आम्हाला सोळा संघांची लीग कळते. पहिला एकच येतो, हेही कळतं. आम्हाला एवढंच सांगा की प्रशिक्षक हंगामभर एक राहील.

आणि पैशाचं. परदेशी खेळाडू, परराज्यातले खेळाडू, यांच्यावर माझा आकस नाही. आफ्रिकेतून आलेला एक पोरगा आमच्याकडं खेळला, चार महिन्यांत "नाद खुळा" म्हणायला शिकला आणि जाताना पेठेतल्या एका मावशीच्या पाया पडून गेला, कारण तीच त्याला भाकरी द्यायची. त्यांच्यामुळं आमच्या पोरांना वेग काय असतो ते कळलं. पण बाहेरच्याला आणायला वर्गणी फिरते आणि आपल्या सोळा वर्षांच्या पोराला बूट मागायला कार्यालयात तीनदा जावं लागतं, तेव्हा माझी आशा लंगडते. तो पोरगा पुढच्या वर्षी दुसऱ्या पेठेच्या जर्सीत दिसला की त्याला गद्दार म्हणणाराही आमच्यातलाच असतो.

६ ऑक्टोबर २०१७ ची रात्र आठवा. दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा सामना, भारताविरुद्ध अमेरिका, आणि भारताच्या जर्सीत आपला अनिकेत जाधव. रिक्षाचालकाचा मुलगा. आपण ०-३ हरलो. पण त्या रात्री आमच्या गल्लीत एकही माणूस "काही खरं न्हाई" म्हणाला नाही. शेजारच्या रिक्षावाल्यानं आपली रिक्षा दुसऱ्या दिवशी धुऊन हार घातला. त्याचा अनिकेतशी काही संबंध नव्हता, फक्त धंदा एक. बरं, अनिकेत घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जाऊन. इथं राहिला असता तर? हा प्रश्न मी कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही. हंगामाआधी रात्री झोप लागली नाही की तो येतो, म्हणून लिहितोय.

मागणं फार मोठं नाही. मॅच असेल त्या दिवशी मंडळाचे पाच पदाधिकारी खुर्ची सोडून आमच्याबरोबर पायऱ्यांवर बसू देत. भडंग आम्ही देऊ. पोरांना ओळखणारा माणूस शेजारी असला की हातातली बाटली खाली जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शेवटच्या शिट्टीनंतर दोन्ही बाजूंच्या समर्थकांना वेगवेगळ्या वेळी सोडायचं का, याचा विचार केएसएबरोबर बसून आत्ताच करा, हाणामारी झाल्यावर नको. ज्या मुलांवर गुन्हे नोंद आहेत त्यांच्यासाठी मंडळानं वकील बघावा, निदान एकदा त्यांच्या घरी जावं. फलकावर जेवढे पैसे जातात, त्यात सोळा वर्षांखालच्या अख्ख्या संघाचे बूट होतात, हा हिशेब मी दुकानात जाऊन करून आलोय. आकडा विचारलात तर भेटून सांगीन, चौकात नाही.

बाकी सगळ्या शंका आमच्याकडं राहू द्या. स्ट्रायकरचा डावा पाय, सत्तराव्या मिनिटानंतरचा दम, पहिल्या खांबावरचा माणूस. त्या आम्ही सांभाळतो, चाळीस वर्षं सांभाळल्यात.

सोमवारपासून सकाळी सहाला गांधी मैदानावर सराव आहे असं कळलं. मैदानात कोपऱ्याला अजून चिखल आहे, पोरांना सांगा. मी कामावर जायच्या आधी येऊन जाईन, पलीकडच्या बाजूला उभा राहीन, कुणाशी बोलणार नाही. नवीन गोलकिपर आणलाय, असं ऐकतोय. तो कसा आहे, हे मला कुणीही सांगू नये.

आपला,
पायरीवरचा एक प्रेक्षक